पोच न दिलेला निरोप

माझ्या धाकट्या दिराच्या मुलीचं, पूर्वाचं लग्न जानेवारीत झालं, ते साल २०२४. हॉल येरवड्याला होता. बुद्धवंदना झाली, वचनं झाली, आणि जेवणाच्या रांगेत माझा मुलगा संजय एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात फोन धरून उभा राहिला. तो बोलत होता आणि पुढे सरकत नव्हता. मागचा एक पाहुणा म्हणाला, "साहेब, भात घ्या, नाहीतर रस्ता द्या." संजय बाजूला झाला, रिकामं ताट घेऊन माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "आई, काम मिळालं. हॉस्पिटलचं."

मी म्हटलं, "आधी जेव."

संजयची कंपनी हिंजवडीत होती. कंपनी म्हणजे काचेच्या एका उंच इमारतीतला अर्धा मजला. मालक अनिरुद्ध, सदाशिव पेठेतला, वयाने संजयहून लहान. पुण्यात एकाच मालकाची काही हॉस्पिटलं आहेत, त्यांचं काम या लोकांना मिळालं होतं. पेशंटला आणि त्याच्या घरच्यांना मशीनने फोन करायचे. उद्या उपाशी पोटी या. रिपोर्ट तयार आहेत. आपल्या माणसाला घरी न्यायला या. पूर्वी हे फोन काउंटरवरच्या मुली करायच्या आणि अर्धे राहून जायचे.

आम्ही तेव्हा हिंजवडीच्या अलीकडे फ्लॅटमध्ये राहत होतो. मी, संजय आणि माझी सून सोनाली. सोनाली शाळेत शिकवते. माझे मालक रंगराव जाऊन बरीच वर्षं झाली. सगळं आयुष्य आम्ही स्वारगेटच्या मागच्या वस्तीत काढलं होतं, आणि या फ्लॅटमध्ये मला कित्येक दिवस झोप लागायची नाही, कारण इथे माणसांचा आवाजच यायचा नाही. फक्त खालच्या रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या उभ्या असायच्या, पुढे न जाता गुरगुरत.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी मी मटार सोलत होते. संजय समोर येऊन बसला. त्याला दोन प्रकारच्या रांगांतून एक निवडायची होती. ते लोक तिला क्यू म्हणतात. हॉस्पिटलकडून निरोप आला की तो या रांगेत उभा राहतो. मशीन पुढचा निरोप उचलतं, फोन लावतं, मग त्याच्या मागचा उचलतं. मला कळेना, तेव्हा त्याने माझ्या पुढ्यातल्या शेंगा ओळीने मांडल्या.

"हे बघ. अनिरुद्धला जी रांग हवीय ना, त्यात शेंग उचलली की ती संपली असं धरतात. दाणे ताटात पडले की खाली सांडले, बघत नाहीत. लगेच दुसरी शेंग. फार वेगात चालतं."

"आणि तुला हवीय ती?"

"माझ्यात दाणे ताटात पडल्याची पोच लागते. पोच आली नाही तर शेंग परत रांगेत. मशीन बंद पडलं, वीज गेली, तरी ती शेंग कुठे जात नाही. पोच येईपर्यंत रांग तिला विसरत नाही."

मी म्हटलं, "म्हणजे तुझ्या बाबांसारखी."

तो हसला. रंगराव सरकारी कचेरीत शिपाई होते. सायकलवरून टपाल वाटायचे आणि टपालवहीवर सही घेतल्याशिवाय परतायचे नाहीत. साहेब जेवायला बसलेत म्हणून कुणाच्या तरी दारात ते दुपारभर उन्हात बसून राहिलेत, हे मला ठाऊक आहे. घरी येऊन त्या साहेबांना शिव्या द्यायचे, पण सही घेऊन यायचे.

अनिरुद्धला संजयची रांग पसंत नव्हती. "तुला सोनाराचा काटा हवाय," तो म्हणाला होता, "आणि आपण कांदे विकतोय." संजयने ऐकलं नाही. हॉस्पिटलचा निरोप हरवता कामा नये, हरवला तर पहिला राजीनामा माझा, असं तो मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलून आला. शिवाय त्याने नियम घातला की एका हॉस्पिटलचे निरोप आले त्याच क्रमाने जातील. पुढचा गेल्याशिवाय मागचा हलणार नाही. उपाशी पोटी या, हे आधी कळलं पाहिजे, ऑपरेशनची वेळ नंतर.

त्याचं बरोबर होतं. आजही मी म्हणेन की त्याचं बरोबर होतं.

आवाज माझा घेतला, ती अनिरुद्धची कल्पना. बँकेच्या पोरींसारखा आवाज ऐकला की लोक फोन कापतात, म्हातारीचा कापणार नाहीत, असं त्याचं म्हणणं. सदाशिव पेठेत एका जुन्या इमारतीच्या तळघरात स्टुडिओ होता. भिंतींना गादीसारखं काहीतरी चिकटवलेलं. दार लावल्यावर आत इतकी शांतता, की मला माझ्या गिळण्याचा आवाज ऐकू आला. स्टुडिओवाला गृहस्थ कानाला भोंगे लावून ऐकत होता. मध्येच म्हणाला, "आजी, ण आणि ळ अगदी स्वच्छ आहेत हो तुमचे. कुठल्या पेठेतल्या आपण?"

मी म्हटलं, "स्वारगेटच्या मागच्या वस्तीतली."

"असं का," तो म्हणाला, आणि घड्याळाकडे बघितलं. "मग आता पटापट उरकू."

मी कागद बघून वाचलं. अक्षरं मला उशिरा आली, म्हणून मी वाचते ते एकेक शब्द धरून वाचते. त्याला ते फार आवडलं. "नमस्कार. मी हॉस्पिटलमधून बोलते आहे. आपल्या माणसाला घरी न्यायला या. येताना पेशंटचे कपडे घेऊन या. ऐकलं असेल तर एक दाबा." ते एक दाबणं म्हणजेच संजयची पोच. पेशंटचं नाव मात्र मशीन जोडायचं. माझ्या आवाजावरूनच बनवलेलं, पण सपाट. शाळेत हजेरी घेतात तसं.

मग टेस्टिंग सुरू झालं. खरे पेशंट वापरता येत नाहीत, म्हणून ऑफिसातले सगळे आपापल्या घरचीच नावं घालायचे. त्यांच्या धंद्यात असंच करतात म्हणे. अनिरुद्धने आपल्या सासऱ्यांना पेशंट केलं होतं. "रोज डिस्चार्ज देतो त्यांना," तो म्हणायचा, "तरी सोमवारी घरी हजर." संजयने पेशंट म्हणून स्वतःचं नाव घातलं आणि नातेवाईक म्हणून माझं. मला दिवसभर फोन यायचे. संजय ओव्हाळ यांना घरी न्यायला या. मी एक दाबायचे आणि पोळ्या लाटायला लागायचे. मार्चमध्ये काम सुरू झालं, तेव्हा ही सगळी नावं पुसून टाकली. संजयने माझ्यासमोर पुसली.

एप्रिलमध्ये, एका शनिवारी दुपारी, संजय घरी होता. स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभा राहून कलिंगड कापत होता. बिया काढायचा त्याला कंटाळा, म्हणून तो मोठे तुकडे करून तसेच खायचा. माझा फोन वाजला.

"नमस्कार. मी हॉस्पिटलमधून बोलते आहे."

मला हसू आलं. मी संजयला म्हटलं, "अरे, तुझं मशीन मला विसरलेलं नाही."

"संजयला न्यायला या. ऐकलं असेल तर एक दाबा."

मी फोन कापला. का कापला ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. ओट्यावर लाल पाणी ओघळत होतं. संजय म्हणाला, "टेस्टिंगचं काहीतरी राहिलं असेल. सोमवारी काढतो." त्याने कलिंगडाची फोड माझ्यापुढे धरली.

संध्याकाळी केर काढताना माझ्या लक्षात आलं. मी वाचलं होतं ते "घरी न्यायला या." फोनमध्ये "घरी" नव्हतं. आणि नाव सपाट नव्हतं. मी संजयला जेवायला हाक मारते, तसं होतं.

सोमवारी संजयने तो निरोप शोधला. रांगेच्या अगदी पुढे उभा होता. पेशंट संजय रंगराव ओव्हाळ, नातेवाईक हिराबाई रंगराव ओव्हाळ. टेस्टिंगमध्ये त्याने बापाचं नाव घातलंच नव्हतं. हॉस्पिटलला विचारलं. त्यांनी पाठवलेला नव्हता. त्याने तो काढून टाकला आणि घरी येऊन मला तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो चहा पीत असताना फोन आला.

नेहमी असंच व्हायचं. संजय ऑफिसात असला की फोन गप्प. तो माझ्यासमोर बसला, बूट काढायला लागला, सोनालीशी भाजीवरून हुज्जत घालायला लागला, की वाजायचा. मी ऐकायचे आणि कापायचे. मी एक दाबलं नाही.

नेहमीच्या निरोपाचं असं व्हायचं की कुणी पोच दिली नाही तर मशीन काही वेळा पुन्हा फोन लावायचं, मग तो निरोप बाजूच्या एका पेटीत टाकायचं, आणि तिथून काउंटरवरची मुलगी स्वतः फोन करायची. हा निरोपही पेटीत पडायचा. सकाळी पाहिलं की परत रांगेच्या तोंडाशी. आणि तो पुढे उभा असला की त्या हॉस्पिटलचा मागचा एकही निरोप हलायचा नाही. नियम संजयचाच होता.

त्याने माझा नंबर यंत्रातून काढून टाकला. त्या रविवारी सोनालीचा फोन वाजला. तिने ऐकलं. तिचा चेहरा मी बघत होते. तिने फोन छातीशी धरला आणि म्हणाली, "आई, तुमचाच आवाज आहे. तुम्हालाच द्या म्हणतोय."

मी फोन घेतला. या वेळी आवाजाच्या मागे काहीतरी होतं. लोखंडी चाकांचा आवाज, त्यातलं एक चाक अडकत चालणारं. कुणीतरी लांब खोकलं. सदाशिव पेठेतल्या त्या तळघरात माझ्या गिळण्याशिवाय दुसरा आवाज नव्हता, हे मी आधी सांगितलं आहे.

"संजयला न्यायला या. कपडे आणू नका. ऐकलं असेल तर एक दाबा."

संजय म्हणाला, "काय म्हणाली?"

मी म्हटलं, "तेच."

आमचं घर बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर. माझ्या सासऱ्यांनी छप्पन्न साली देव्हारा उचलून दिला, तेव्हापासून या घरात भूत नाही, बाहेरचं नाही, अंगारा नाही. वरच्या मजल्यावरच्या जोशीबाईंना सोनालीने बोलता बोलता सांगितलं, तर त्या नारळ उतरवून टाकायला सांगू लागल्या. मी त्यांना म्हटलं, "नारळाची चटणी करून पाठवते." मला भीती वाटत नव्हती. निदान तिला मी भीती म्हणत नव्हते. मी फक्त एक दाबत नव्हते.

मे महिना लागला तसं संजयचं खाणं कमी झालं. गळ्यापाशी शर्ट सैल दिसू लागला. तो जेवताना सांगायचा आणि मी ऐकायचे. एक बाई नाश्ता करून ऑपरेशनला आली, कारण उपाशी या हा तिचा निरोप रांगेत अडकलेला. ऑपरेशन पुढे ढकललं, तिचा नवरा काउंटरवर हात आपटून गेला. एक म्हातारा डिस्चार्जचे कागद घेऊन, पिशवी मांडीवर ठेवून, संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिला. त्याच्या मुलाला फोनच गेला नव्हता.

"त्याला वाटलं मुलगा येत नाही," संजय म्हणाला. "रडत होता म्हणे. आणि निरोप कुठे होता? तुझ्या मागे, आई."

"माझ्या मागे नाही. त्या निरोपाच्या मागे."

"तू एक दाब. फक्त एकदा. पोच मिळाली की तो जाईल. रांग तशीच बनवलीय मी."

"त्यात काय म्हणायचंय? ऐकलं असेल तर, असंच ना? समजलं, मान्य, असं ना?"

"आई, ते बटण आहे."

"अंगठासुद्धा नुसता अंगठाच होता," मी म्हटलं.

त्याला ती गोष्ट ठाऊक होती. मी लहान असताना माझ्या आईने एका कागदावर अंगठा केला. आणणाऱ्याने वाचून दाखवलं नाही, तिने विचारलं नाही. आमची खोली गेली. चाळिशीत मी वस्तीतल्या संध्याकाळच्या वर्गात अक्षरं शिकायला बसले ती पुस्तकं वाचायला नाही. मला न समजलेल्या गोष्टीला हो म्हणायचं नव्हतं, म्हणून बसले.

संजयने ताट सरकवलं. "लोकांचे म्हातारे बाकावर बसवून ठेव तू. स्वतःचं खरं कर."

तो असं मला कधी बोलला नव्हता.

मग अनिरुद्ध घरी आला. दुपारी, कडक उन्हात, हातात आंब्याची पेटी घेऊन. सोफ्याच्या काठावर बसला. सोनालीने चहा ठेवला.

"काकू, स्पष्ट बोलतो, राग मानू नका," तो म्हणाला. "इतकी हॉस्पिटलं, इतके पेशंट, आणि सगळी कंपनी आपल्या एका बोटासाठी थांबलीय. पुण्यात एवढा मान फक्त गणपतीला मिळतो."

"मग नवस बोला," मी म्हटलं.

संजय मान खाली घालून बसला होता. अनिरुद्धने कप उचलला. "टेस्टिंगचा कचरा आहे हो तो. हा मूर्ख आपलं नाव घालून बसला..."

फोन वाजला. माझाच, नंबर काढलेला असूनही. टेबलावर, त्याच्या कपाशेजारी.

मी स्पीकर लावला. त्याने कधी ऐकलं नव्हतं ते.

"नमस्कार. मी हॉस्पिटलमधून बोलते आहे." चाक अडकत अडकत आलं आणि थांबलं. "संजयला न्यायला या. कपडे आणू नका. उशीर केलात तरी चालेल." नुसता श्वास. तो माझा होता. चढ चढून आल्यावर मी घेते तसा. "ऐकलं असेल तर एक दाबा."

अनिरुद्ध माझ्याकडे बघत होता. माझ्या ओठांकडे.

"हे आपण रेकॉर्ड केलं होतं?" त्याने विचारलं.

"नाही."

"दाबा ना, काकू." आवाज बारीक झाला होता.

"तुम्ही दाबा," मी म्हटलं. "कंपनी तुमची आहे."

त्याने बोट पुढे केलं. काचेच्या अगदी जवळ नेलं. मला त्याचं नख दिसत होतं, नीट कापलेलं. मग त्याने हात मागे घेतला आणि परत कपाला लावला. फोन आपोआप बंद झाला.

चहा त्याने संपवला नाही. दारात बूट घालता घालता संजयला म्हणाला, "ती रांगच बदल. माझी घाल. तिला पोच लागत नाही. भानगडच नको." माझ्याकडे न बघता म्हणाला, "येतो काकू. आंबे पिकायला अजून वेळ आहे."

बुद्धपौर्णिमेच्या दिवशी आम्ही विहारात जाऊन आलो. सोनालीने खीर केली. संजयने वाटी हातात घेतली आणि खाल्ली नाही.

"आई, उद्या रांग बदलतोय," तो म्हणाला.

"त्यात काय होईल?"

"काम उचललं की झालं असं धरतील. कुणी एक दाबायचं नाही. तुला दाबायला नको, कुणालाच नको. अडकायचा प्रश्नच नाही."

"आणि निरोप पोचलाच नाही तर?"

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "तर नाही पोचला."

त्याच्या बापाचा मुलगा असून हे बोलताना त्याला काय झालं असेल, ते मला दिसत होतं. तो माझ्यासाठी हरत होता. मला सोडवायला आणि त्या बाकावरच्या म्हाताऱ्याला सोडवायला. मी म्हणू शकले असते, नको बदलू, मी दाबते. म्हणू शकले असते, दोन्ही नको, नोकरी सोड. मला दिवसाआड स्वतःचा आवाज ऐकून कंटाळा आला होता. मी दमले होते.

मी म्हटलं, "बदल."

शुक्रवारी सकाळी त्याने जेवणाच्या टेबलावरच लॅपटॉप उघडला. सोनालीला सुट्टी होती, ती पोहे करत होती. पंखा चालू होता. माझा फोन माझ्या हाताशी होता. संजयने काहीतरी टाइप केलं, थांबला, पुन्हा केलं. रांगेत तो एकच निरोप पुढे होता, मागे बाकीचे. मग सगळे भराभर गेले. तो म्हणाला, "गेले. सगळे गेले." लॅपटॉप माझ्याकडे वळवून दाखवला. तिथे शून्य होतं.

मी फोनकडे बघितलं. तो वाजला नाही.

संजयने पोहे खाल्ले. पुन्हा मागितले. वर लिंबू पिळलं. सोनाली माझ्याकडे बघून हसली. कित्येक आठवड्यांनी त्याने ताट पुसून खाल्लं होतं.

जाताना दारातून म्हणाला, "बघ, सुटलं ना?"

मी मान हलवली.

दुपारी अनिरुद्धचा फोन सोनालीला आला. संजय खुर्चीतच कलंडला होता. त्याला जवळच्या हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. त्याच मालकाचं एक हॉस्पिटल.

रिक्षा मिळाली, पण रस्ता मिळाला नाही. बसगाड्या उभ्या होत्या. सोनाली रिक्षावाल्याला सारखं म्हणत होती, "दादा, जरा घ्या ना पुढे." तो म्हणाला, "ताई, कुठून घेऊ? वरून?"

आम्ही पोचलो तेव्हा अनिरुद्ध दाराशी उभा होता. त्याने आम्हाला पाहिलं आणि दुसरीकडे तोंड वळवलं.

काउंटरवर एक मुलगी होती. तिने नाव विचारलं. मी सांगितलं.

"हिराबाई ओव्हाळ तुम्हीच?" ती म्हणाली. "इतका उशीर का हो? तुम्हाला सकाळीच कळवलंय."

"सकाळी तो घरी होता," मी म्हटलं.

तिने पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. "ते मला माहीत नाही. न्यायला या म्हणून सकाळी कळवलंय. झालं असं दाखवतंय इथे."

"एक कुणी दाबलं?"

"काय?"

"पोच कुणी दिली? एक कुणी दाबलं?"

"दाबावं लागत नाही आता, आजी," ती म्हणाली. "आजपासून बदललंय."

नंतर मी अनिरुद्धला म्हटलं, तो निरोप मला बघायचा आहे. तो म्हणाला, ती रांग झालेल्या कामाचं काही ठेवत नाही. माझा आवाज काढून टाका, असंही मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, बघतो, पण लोकांना सवय झालीय. अजून तोच चालतो.

माझा मुलगा संजय रंगराव ओव्हाळ शुक्रवार, २४ मे २०२४ रोजी दुपारी वारला. तो त्रेचाळीस वर्षांचा होता.